पोलिसांविरुद्ध तक्रार: सोलापुरात कुठे द्यायची, चौकशी कशी होते आणि कुठे अडते

पोलिसाविरुद्ध तक्रार करायची म्हटलं की बहुतेक जण तीन पानी अर्ज लिहितात, खाली मुख्यमंत्र्यांपासून तहसीलदारांपर्यंत दहा जणांना ‘प्रत माहितीसाठी’ टाकतात आणि वाट बघत बसतात. महिना-दोन महिन्यांनी तोच कागद फिरत फिरत त्याच पोलीस ठाण्यात येतो, ज्या ठाण्याबद्दल तक्रार होती. दर वेळी यात कारस्थान असतंच असं नाही. सरकारी टपालाची रीतच अशी आहे: वरून आलेला अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ एकेक टेबल खाली उतरत जातो. तो कुठे थांबला पाहिजे, हे अर्जदाराने लिहितानाच ठरवायचं असतं.

तो पोलीस नेमका कुणाचा?

सोलापुरात दोन वेगळी पोलीस दलं आहेत. शहरात पोलीस आयुक्तालय आहे. फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, जोडभावी पेठ, विजापूर नाका, सलगर वस्ती, एमआयडीसी ही ठाणी त्याच्याकडे येतात. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, मोहोळ, सांगोला, करमाळा, अकलूज वगैरे ठाणी ग्रामीण पोलीस अधीक्षकांची. शहराला अगदी खेटून असलेली काही गावं सोलापूर तालुका, वळसंग किंवा मंद्रूप ठाण्यात, म्हणजे ग्रामीणमध्ये मोडतात. तिथली तक्रार आयुक्तालयात दिली तर पहिले काही आठवडे टपाल इकडून तिकडे जाण्यातच जातात. ग्रामीणच्या अधीक्षकांवर कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक असतात. शहराच्या आयुक्तांवर थेट पोलीस महासंचालक कार्यालय.

रेल्वे स्टेशनवरचा प्रकार असेल तर वर्दी नीट आठवा. लोहमार्ग पोलीस राज्याचे, त्यांचे अधीक्षक पुण्यात बसतात. रेल्वे सुरक्षा दल मात्र केंद्राचं, त्याची तक्रार सोलापूर विभागाच्या रेल्वे प्रशासनाकडे जाते आणि राज्याच्या पोलीस तक्रार प्राधिकरणाचा तिथे संबंध येत नाही.

आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात राज्यभरातून बंदोबस्त येतो. तुम्हाला ढकललेला शिपाई नांदेडचा असू शकतो. अशा वेळी अर्ज सोलापूर ग्रामीणला दिला तरी शिक्षेचा अधिकार त्याच्या मूळ घटकाकडेच असतो. म्हणून छातीवरची नेमप्लेट आणि बक्कल नंबर टिपून ठेवा. त्याशिवाय ‘ओळख पटली नाही’ एवढ्या एका ओळीत चौकशी संपते.

आपल्याला हवंय काय?

हे स्वतःशी ठरवल्याशिवाय पेन उचलू नका, कारण प्रत्येक कार्यालयाच्या हातात एकच काही असतं. खातं शिस्तभंगाची शिक्षा देऊ शकतं. प्राधिकरण चौकशी करून शिफारस करतं. मानवाधिकार आयोग भरपाईची शिफारस करतो. तुरुंगवासाची शिक्षा फक्त न्यायालय देतं. लाचेच्या मागणीला यांपैकी पहिलं दार उपयोगाचं नाही, त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे. एकाच अर्जात ‘निलंबित करा, गुन्हा दाखल करा, भरपाई द्या, माझी चोरीची फिर्याद घ्या’ असं सगळं मागितलं तर वाचणारा त्यातलं सर्वांत सोपं तेवढं निवडतो आणि बाकी निकाली काढतो.

सर्वांत जास्त तक्रारी ‘फिर्यादच घेत नाहीत’ अशा असतात. त्यांचा मार्ग वेगळा आणि तसा सरळ आहे, म्हणून तो आधी.

फिर्याद घेत नसतील तर

दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात त्याची, माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आता आणखी तरतुदी आहेत. हद्द कुठलीही असली तरी माहिती घ्यावी लागते, त्यामुळे ‘हे आमच्या हद्दीत नाही, विजापूर नाक्याला जा’ हे उत्तर चालत नाही. ऑनलाइन दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करावी लागते. प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत फुकट मिळते. तीन वर्षांपासून सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत मात्र पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने १४ दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करता येते. म्हणून ‘चौकशी चालू आहे’ म्हणाले तर परवानगी कुणाची आणि कुठल्या तारखेची, एवढं विचारा.

नकार आला तर पहिली पायरी: तीच माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना, शहरात आयुक्तालयाला. कलम १७३(४) चा उल्लेख करा. दुसरी पायरी: प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज, सोबत शपथपत्र. वरिष्ठांना पाठवलेल्या अर्जाची पावती नसेल तर हा अर्ज इथेच अडतो. वकील घाईत असतील तर ही पायरी राहून जाते, म्हणून स्वतः लक्ष ठेवा. बलात्कारासारख्या ठरावीक गुन्ह्यांत माहिती नोंदवून न घेणारा अधिकारी भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली स्वतःच गुन्हेगार ठरतो. शिक्षा किमान सहा महिने सक्तमजुरी. हे कलम ठाण्यात शांतपणे उच्चारलं तरी पुष्कळदा काम होतं.

ठाण्यात कुणी ऐकूनच घेत नसेल तर बाहेर येऊन ११२ ला फोन करा. त्या कॉलची नोंद वेळेसकट राहते आणि ती ठाण्याच्या हातात नसते.

पहिले तीन दिवस

मारहाण किंवा बेकायदा डांबून ठेवण्याची तक्रार असेल तर खरी लढत इथेच होते.

जखम असेल तर त्याच दिवशी सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालयात जा आणि वैद्यकीय-कायदेशीर नोंद करायला सांगा. डॉक्टर ‘कसं लागलं’ विचारतात तेव्हा भीतीपोटी ‘पडलो’ सांगू नका. ते वाक्य केसपेपरवर चढतं आणि पुढच्या प्रत्येक चौकशीत तुमच्यासमोर ठेवलं जातं. वळांचे फोटो रोज काढा, कारण मुका मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त उमटतो. अटकेत असाल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे तपासणी होते आणि तिच्या अहवालाची प्रत तुम्हाला किंवा तुम्ही सांगाल त्या माणसाला द्यावी लागते. न्यायाधीशांसमोर पहिल्यांदा उभं केल्यावर ‘पोलिसांबद्दल काही तक्रार?’ असं विचारतात. तिथे गप्प राहिलात तर पुढे सांगितलेलं सगळं ‘मागाहून सुचलेलं’ ठरवलं जातं.

सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रीकरण आणि ते १८ महिने, निदान एक वर्ष तरी जपून ठेवायला सांगितलं. प्रत्यक्षात ‘त्या दिवशी यंत्र बंद होतं’ किंवा ‘साठवण भरल्याने पुसलं गेलं’ हे उत्तर इतकं ठरलेलं आहे की त्यावर विसंबूच नका. दोन-तीन दिवसांत एक स्वतंत्र, एका पानाचा अर्ज द्या: अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं, ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरचं आणि प्रवेशद्वारावरचं चित्रीकरण जतन करावं. हा अर्ज मूळ तक्रारीत घुसडू नका, तो तिथे हरवतो. अर्ज पोचल्यावर चित्रीकरण नाहीसं झालं तर जाब पोलिसांना द्यावा लागतो. अर्जच नसेल तर कुणालाच नाही. समोरच्या चहाच्या गाडीवर, दुकानात, बँकेत कॅमेरा असेल तर तिथेही लगेच विचारा. खासगी यंत्रातलं चित्रीकरण फार दिवस टिकत नाही.

ठाण्यात मोबाइलवर चित्रीकरण केलं म्हणून शासकीय गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा होतो का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही. तरी फोन तोंडासमोर नाचवू नका.

अटक झाली असेल तर त्याच संहितेच्या कलम ३६ प्रमाणे अटकेचा पंचनामा हवा. त्यावर घरच्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष आणि अटक झालेल्याची सही असते. नातेवाइकाला कळवणं, अटकेची कारणं सांगणं, २४ तासांत न्यायाधीशांसमोर नेणं हेही बंधनकारक. यातलं काय झालं नाही तेवढंच नेमकं लिहा. ‘चौकशीसाठी बसवून ठेवलं होतं’ असं पोलीस म्हणतात तेव्हा अटकेची वेळ हाच वादाचा मुद्दा असतो. घरून नेल्याची वेळ शेजाऱ्याच्या फोनमधल्या संदेशावरूनही सिद्ध होते.

अर्ज कसा लिहायचा

दोन पानं पुरे. वर विषय एका ओळीत, मग तारीख, वेळ, ठिकाण, कोण, काय केलं, कुणी पाहिलं, पुरावा काय, मागणी काय. विशेषणं काढून टाका. ‘सदर मुजोर व भ्रष्ट अधिकाऱ्याने अमानुष छळ केला’ यातून चौकशी अधिकाऱ्याला काहीच तपासता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘दि. १२ रोजी रात्री ९.४० वाजता ठाण्याच्या डाव्या बाजूच्या खोलीत हवालदार (बक्कल नंबर अमुक) यांनी पट्ट्याने डाव्या मांडीवर तीन फटके मारले. त्या वेळी माझा भाऊ दारात उभा होता.’ यातली प्रत्येक गोष्ट ड्युटी रजिस्टर, स्टेशन डायरी (ठाण्यातल्या रोजच्या घडामोडींची नोंदवही) आणि केसपेपरशी ताडून बघता येते. खरी असेल तर उलट जबाब देणाऱ्याला ती खोडून काढणं जड जातं.

वेळ नक्की आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहा. चुकीची नेमकी वेळ लिहिली आणि तो हवालदार तेव्हा न्यायालयात ड्युटीवर निघाला तर सगळी तक्रार खोटी ठरते.

शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड घरची भाषा असलेले पुष्कळ अर्जदार असतात. जबाब मराठीत लिहिला जातो. तो आपल्या भाषेत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका आणि खाली ‘वाचून दाखवला, समजला’ हे खरं असेल तरच लिहू द्या. कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारा.

अर्ज आवक-जावक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. नुसता गोल शिक्का पुरत नाही, पुढे सगळा शोध त्या क्रमांकावरून होतो. पोच देत नसतील तर स्पीड पोस्ट करा आणि पोचल्याची नोंद छापून ठेवा. निनावी अर्ज करू नका, त्यावर सहसा काहीच होत नाही.

खात्यातली चौकशी

अर्ज शाखेतून कागद सहायक आयुक्तांकडे, ग्रामीणमध्ये उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे जातो. अर्जातच एक ओळ लिहा: चौकशी संबंधित ठाण्याबाहेरच्या आणि वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडून व्हावी. मग तुम्हाला समजपत्र, म्हणजे हजर राहण्याची नोटीस येतं, जबाब होतो, साक्षीदार बोलावले जातात, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा खुलासा घेतला जातो. ही प्राथमिक चौकशी. समजपत्र आल्यावर न जाणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. दोन वेळा गैरहजर राहिलात की ‘अर्जदारास स्वारस्य नाही’ असा शेरा पडतो आणि अर्ज दप्तरी दाखल होतो, म्हणजे बंद होतो. त्या दिवशी जमत नसेल तर लेखी कळवून दुसरी तारीख मागा.

तथ्य आढळलं तर शिपायापासून निरीक्षकापर्यंत १९५६ च्या पोलीस शिक्षा व अपील नियमांप्रमाणे कारवाई होते. छोट्या कसुरीला कारणे दाखवा नोटीस, मग सक्त ताकीद, दंड किंवा वेतनवाढ रोखणं. मोठ्याला विभागीय चौकशी: दोषारोपपत्र, साक्षी, उलटतपासणी आणि शेवटी पदावनतीपासून बडतर्फीपर्यंत काहीही. विभागीय चौकशीत तुम्ही पक्षकार नसता, साक्षीदार असता. वर्षभराने बोलावणं येतं, तोवर राग निवळलेला असतो, गावातल्या कुणीतरी मध्यस्थी केलेली असते आणि साक्ष गुळमुळीत होते. पुष्कळ दोषारोप इथेच कोसळतात. निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, हेही ध्यानात असू द्या. पेपरात ‘दोघे निलंबित’ वाचून पाठपुरावा सोडणारे बरेच असतात.

पोलीस तक्रार प्राधिकरण

प्रकाश सिंग प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणं नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात त्यासाठी कलमं घातली. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, विभागीय प्राधिकरणाचे निवृत्त जिल्हा न्यायाधीश. सोलापूर पुणे विभागात येतं. वरिष्ठ निरीक्षकापर्यंतच्या पोलिसांविरुद्धची तक्रार पुणे विभागीय प्राधिकरणाकडे, सहायक आयुक्त किंवा उपअधीक्षक आणि त्यावरच्यांविरुद्धची मुंबईच्या राज्य प्राधिकरणाकडे. एकाच घटनेत दोन्ही दर्जांचे अधिकारी असतील तर अर्जात ते ठळक लिहा.

इथे हरेक तक्रार चालत नाही. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, कायदेशीर रीत न पाळता अटक किंवा स्थानबद्धता, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं, आणि कायद्याचा गंभीर भंग किंवा अधिकाराचा गैरवापर, एवढे विषय. ‘उद्धट बोलले’, ‘चलन चुकीचं फाडलं’ यासाठी पुण्याच्या खेपा घालू नका. पीडित स्वतः, घरचे किंवा त्याच्या वतीने दुसरं कुणी तक्रार करू शकतं. अर्जासोबत शपथपत्र आणि कागदांच्या प्रती जोडा.

प्राधिकरणाला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. ठाण्याने तुम्हाला नाकारलेली स्टेशन डायरी तिथे हजर करावी लागते, हाच त्याचा मोठा फायदा. शिक्षा मात्र ते देत नाही. अहवाल सरकारकडे जातो. तो मान्य झाला तर शिस्तभंगाची कारवाई किंवा गुन्हा नोंदवण्याकडे प्रकरण वळतं. नाकारायचा तर सरकारने कारणं द्यायची असतात.

आणि एक खाचखळगा: तोच विषय न्यायालयात किंवा दुसऱ्या आयोगापुढे चालू असेल तर प्राधिकरण तो हाती घेत नाही. मानवाधिकार आयोगाचाही कायदा असाच आहे. उत्साहात एकाच दिवशी सगळीकडे अर्ज टाकणारे स्वतःच आपली दारं बंद करून घेतात.

आयोग, न्यायालय, मुदती

राज्य मानवाधिकार आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. फी नाही, वकील लागत नाही. नुकसानभरपाई हा मुख्य हेतू असेल तर हे दार बरं.

पोलिसावर फौजदारी खटला भरायचा तर न्यायदंडाधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(४) प्रमाणे आधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल आणि त्याचं म्हणणं विचारात घेतात. कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीसाठी कलम २१८ खाली सरकारची मंजुरीही लागू शकते. ती १२० दिवसांत ठरली नाही तर दिली असं धरलं जातं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये तर अधिकाराच्या आडून केलेल्या कृतीबद्दलच्या खटल्याला सहा महिन्यांची मुदत आहे. खात्याच्या चौकशीची वाट बघत हे सहा महिने निघून जातात, हा सर्रास होणारा घात आहे. पाचव्या महिन्यापर्यंत वकिलाशी बोलणं झालंच पाहिजे. ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण वकील देतं: स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता, इतरांना वार्षिक तीन लाखांच्या आत. हेल्पलाइन १५१००.

उच्च न्यायालयात रिट याचिका करायची तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे, मुंबईला जायचं कारण उरलेलं नाही.

कोठडीत मृत्यू झाला असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होते आणि राज्यात असा तपास सहसा गुन्हे अन्वेषण विभागाकडे जातो. शवविच्छेदनाच्या चित्रीकरणाची मागणी घरच्यांनी लेखी द्यावी.

लाच मागितली तर

पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ ला फोन करा. देऊन बसल्यावर प्रकरण बिकट होतं, कारण २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार आहे. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवलं तरच बचाव. विभागाला आधी सांगून दिलेल्या रकमेला ही अडचण नाही. तक्रारीनंतर थेट सापळा लागत नाही, आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी होते. तेव्हा समोरच्याने आकडा स्वतःच्या तोंडाने सांगायला हवा. तुम्हीच ‘साहेब, दहा हजार ना?’ विचारलंत आणि तो नुसता ‘हूं’ म्हणाला, तर मागणी सिद्ध होताना दमछाक होते. त्यालाच बोलू द्या.

उलटा गुन्हा आणि पाठपुरावा

तक्रार दिल्यावर ‘३५३ लावतो’ अशी धमकी ऐकू येते. ते जुन्या दंड संहितेचं कलम, सरकारी कामात अडथळा. भारतीय न्याय संहितेत आता ते कलम १३२ आहे. ठाण्यात एकट्याने जाऊ नका, आवाज चढवू नका, फाईल ओढू नका. तक्रारीची पोच उलट्या गुन्ह्याच्या आधीची असेल तर अटकपूर्व जामिनाच्या वेळी तीच तारीख कामी येते. तडजोडीला बोलावलं तर तुमची मर्जी. पण ‘माझी काही तक्रार नाही’ असा जबाब एकदा दिलात की तो परत घेता येत नाही असंच समजा.

अर्ज दिल्यावर तीस दिवस गेले की माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून विचारा. ‘त्या हवालदाराची विभागीय चौकशी’ मागू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या गिरीश देशपांडे निकालानंतर ती वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जाते. असं लिहा: ‘माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जाची रोजच्या रोज प्रगती, तो कुणाकडे किती दिवस होता, आणि त्यावरील चौकशी अहवालाची प्रत.’ राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं. चौकशी अहवाल हाती आला की त्यात कुणाकुणाचे जबाब नाहीत ते आधी बघा. तुम्ही नावं दिलेले साक्षीदार बोलावलेच नसतील तर त्याच एका मुद्द्यावर महानिरीक्षकांकडे किंवा महासंचालक कार्यालयाकडे फेरचौकशी मागता येते.